“लहानपणी परकी भाषा आपोआप येते” हा दावा शाळेच्या तासाला का टिकत नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत, शाळांच्या जाहिरातींत आणि कधी कधी शिक्षक-प्रशिक्षणातही एक दावा ठामपणे सांगितला जातो. तो थोडक्यात असा: “लहान मुलाचा मेंदू टीपकागदासारखा असतो. परकी भाषा जितकी लवकर सुरू कराल तितकी ती आपोआप येईल. गाणी आणि खेळ घ्या. व्याकरण नको, वाचन-लेखन नको, वर्गात मातृभाषेचा एक शब्दही नको. आठवड्याला एक-दोन तास पुरेत. शिकवणाऱ्याला भाषा बेताची आली तरी हरकत नाही, मुलं आपणहून शिकतात.”

या दाव्याच्या भरवशावर वेळापत्रकं ठरतात आणि शिक्षक नेमले जातात. चार-पाच वर्षांनी मुलाला दहा रंग, वीसपर्यंत आकडे आणि दोन गाणी यापलीकडे काही येत नाही असं दिसलं, की खापर मुलाच्या नाहीतर शिक्षकाच्या माथी फुटतं. दोघांवरही हा अन्याय आहे. प्राथमिक वर्गात परकी भाषा कशी शिकवली जाते यावर गेल्या साठ वर्षांत भरपूर संशोधन झालं आहे. त्याच्या कसोटीवर या दाव्याचा एकेक तुकडा घासून पाहू.

“लहान मूल मोठ्यापेक्षा लवकर शिकतं”

या समजुतीचं मूळ पेनफील्ड आणि रॉबर्ट्स यांच्या १९५९ च्या आणि लेनेबर्ग यांच्या १९६७ च्या मांडणीत आहे. भाषा शिकायला मेंदूच्या वाढीत एक अनुकूल काळ असतो आणि वयात येण्याच्या सुमारास तो सरत जातो, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९८९ मध्ये जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी अमेरिकेत राहायला आलेल्या ४६ कोरियन आणि चिनी भाषकांची इंग्रजी व्याकरणाची जाण तपासली. लहानपणी आलेले सरस निघाले. हा निष्कर्ष खरा आहे, पण ही माणसं वर्षानुवर्षं इंग्रजी बोलणाऱ्या समाजात राहिलेली होती. ती शेवटी कुठवर पोचली, एवढंच त्यात मोजलं होतं. किती वेगानं शिकली, हा प्रश्न वेगळा आहे.

वेग मोजला तेव्हा चित्र उलटं दिसलं. स्नो आणि होफनागल-होले यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये आलेल्या इंग्रजी भाषकांचं डच तपासलं. पहिल्या वर्षात सगळ्यांत वेगानं पुढे गेले १२ ते १५ वर्षांचे, सगळ्यांत मागे राहिली ३ ते ५ वर्षांची मुलं. हे तर प्रत्यक्ष त्या देशात राहून शिकणं होतं. शाळेच्या तासापुरतं बोलायचं तर बार्सिलोनाचा अभ्यास जास्त नेमका आहे. स्पेनमध्ये परकी भाषा सुरू करण्याचं वय ११ वरून ८ वर आणलं गेलं, तेव्हा कार्मेन मुन्योस यांच्या गटाला दोन्ही प्रकारची मुलं तपासायला मिळाली. इंग्रजीचे २००, ४१६ आणि ७२६ तास झाल्यावर चाचण्या घेतल्या. तासांची संख्या सारखी ठेवल्यावर ११ व्या वर्षी सुरुवात केलेली मुलं जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर पुढे होती. इंग्लंडमध्ये फ्लोरेन्स माइल्स यांच्या गटानं ५, ७ आणि ११ वर्षांच्या मुलांना एकाच शिक्षकाकडून आठवड्याला दोन तास, असे १९ आठवडे फ्रेंच शिकवलं. उत्साह धाकट्यांचा जास्त होता, व्याकरण थोरल्यांना जास्त जमलं.

कारण अवघड नाही. अकरा वर्षांच्या मुलाला वाचता येतं, तुलना करता येते, ‘इथे शब्दाचा शेवट बदलला’ हे कळतं. पाच वर्षांचं मूल भाषा नकळत उचलतं. त्या वाटेनं शिकायला भाषा प्रचंड प्रमाणात कानावर पडावी लागते, आणि शाळेत नेमकं तेच होत नाही.

यावरून ‘मग लवकर सुरूच करू नका’ असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात ५,१३० विद्यार्थ्यांच्या अभ्यासात (२०१७) इंग्रजी पहिलीपासून शिकलेल्यांपेक्षा तिसरीपासून शिकलेले सातवीत पुढे होते. हा निष्कर्ष खूप फिरला. पण त्याच संशोधकांनी नववीच्या पातळीवर पुन्हा पाहिलं तेव्हा (२०२२) पहिलीपासूनचे पुढे दिसले. दोन्ही निष्कर्ष एकत्रच सांगायला हवेत. लवकर सुरुवातीचं फळ मिळू शकतं, पण उशिरा, आणि मधली वर्षं वाया गेली नाहीत तरच.

“आठवड्याला एक-दोन तास पुरेत”

साधं गणित करू. ४० मिनिटांचे दोन तास आठवड्याला, वर्षात ३६ आठवडे. झाले वर्षाचे ४८ घड्याळी तास, पाच वर्षांचे २४०. आता ती भाषा ज्या घरात बोलली जाते तिथलं मूल दिवसाला ८ तास ती ऐकतं असं धरा. त्याचे २४० तास तीस दिवसांत भरतात. म्हणजे शाळेतली पाच वर्षं आणि घरातला एक महिना सारखाच. टीपकागदाला टिपायला आधी शाई सांडावी लागते.

ऐकण्याचं झालं, बोलण्याचं त्याहून वाईट आहे. ३० मुलांच्या वर्गात ४० मिनिटं समान वाटली आणि शिक्षक एक अक्षरही बोलला नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ८० सेकंद येतात. शिक्षक अर्धा वेळ बोलला तर ४०. म्हणून ‘एकेकानं उभं राहून सांगा’ हा प्रकार परकी भाषेच्या तासाला अगदी महाग पडतो. त्याऐवजी दहा मिनिटं जोड्यांत प्रश्नोत्तरं ठेवली तर प्रत्येक मूल जवळपास पाच मिनिटं बोलतं. वर्गात कलकलाट होईल, चुका कानाआड होतील. त्याची भीती नको. शिक्षकानं फिरत राहून दोनच चुका टिपायच्या आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर दुरुस्त करायच्या.

इंग्लंडमधल्या धोरणासाठी होम्स आणि माइल्स यांनी २०१९ मध्ये आठवड्याला किमान ६० मिनिटांची शिफारस केली. आमच्या मते ही ६० मिनिटं एका दिवशी सलग देण्यापेक्षा रोज १२ मिनिटं द्यावीत. सात दिवसांच्या खंडानंतर लहान मुलांचा निम्मा तास मागचं आठवण्यातच जातो. शिवाय आठवड्याचा एकुलता एक तास स्नेहसंमेलनाच्या तालमीनं किंवा चाचणीनं खाल्ला, तर तो खंड दोन आठवड्यांचा होतो.

“गाणी आणि खेळ पुरेत”

गाणी हवीतच. लय आणि उच्चार त्यातून बसतात, लाजरी मुलं समूहात तोंड उघडतात. प्रश्न गाण्यानंतर काय होतं हा आहे.

फ्रेंचच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात येणारं ‘झ मापेल’ पाहा, म्हणजे ‘माझं नाव’. त्यात तीन तुकडे आहेत: ‘झ’ म्हणजे मी, ‘म’ म्हणजे स्वतःला, ‘आपेल’ म्हणजे म्हणवतो. मुलाला हे तुकडे दिसत नाहीत. त्याच्या लेखी तो एकच अखंड शब्द. मग शेजारच्या मुलीचं नाव सांगायची वेळ आली, की मूल तिच्याकडे बोट करून ‘ला फिय झ मापेल’ म्हणतं, म्हणजे ‘मुलगी माझं नाव’. माइल्स, हूपर आणि मिचेल यांनी १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळेतल्या नवशिक्यांमध्ये याच प्रकारच्या चुका नोंदवल्या. त्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट अशी, की ज्या मुलांनी पुढे हे अखंड तुकडे फोडले, त्यांचीच स्वतःची वाक्यं वाढत गेली. पाठ झालेला तुकडा हे भांडवल आहे, पण तो फोडायला कुणीतरी मदत करावी लागते, आणि ते काम शिक्षकाचं.

ते करायचं असं. आठ ओळींच्या गाण्यातले दोनच वाक्प्रयोग निवडा, बाकीचे सहा नुसते गाऊ द्या. पहिल्या दिवशी गाणं. दुसऱ्या दिवशी गाणं मध्येच थांबवून पुढचा शब्द विचारा. तिसऱ्या दिवशी एक शब्द बदला: मांजराच्या जागी घोडा. चौथ्या दिवशी ‘झ मापेल’च्या शेजारी ‘एल सापेल’ (तिचं नाव) फळ्यावर लिहा आणि काय बदललं ते मुलांनाच शोधू द्या. पाचव्या दिवशी मुलं एकमेकांची ओळख करून देतील. गाणं खरोखर शिकून झालं की नाही हे पाहायला एक साधी परीक्षा पुरते: गाण्यातला मधलाच शब्द चालीशिवाय विचारा. त्या शब्दापर्यंत पोचायला मूल पहिल्या ओळीपासून गुणगुणू लागलं, तर त्याला चाल आली आहे, शब्द अजून आलेला नाही.

हावभावांचं मोल इथे मोठं आहे, पण ते मुलांनी करायला हवेत. मारियों तेलिए यांच्या २००८ च्या प्रयोगात फ्रेंच बालवर्गातल्या मुलांनी इंग्रजी शब्द शिकताना स्वतः कृती केली. नुसती चित्रं पाहणाऱ्यांपेक्षा त्यांना ते शब्द बोलताना जास्त आठवले. शिक्षिका एकटीच हातवारे करते आणि मुलं बघत बसतात, तिथे हा फायदा हातचा जातो.

आणखी एक दोष जवळपास सगळीकडे दिसतो: नामांच्या याद्या. रंग, आकडे, प्राणी, फळं. पुढच्या वर्षी पुन्हा रंग, आकडे, प्राणी. क्रियापदाशिवाय यातून वाक्य उभं राहत नाही. ‘आहे’, ‘माझ्याकडे आहे’, ‘पाहिजे’, ‘आवडतं’, ‘जातो’ ही पाच क्रियापदं पहिल्याच वर्षी दिली, तर वीस नामांत मूल शंभराच्या घरात वाक्यं बनवू शकतं. साठ नामं पाठ असलेलं मूल मात्र नुसतं बोट दाखवू शकतं.

“वाचन-लेखनानं गोंधळ होतो, दोन वर्षं फक्त कानावर पडू दे”

बालवाडीपुरतं हे ठीक आहे. आठ वर्षांच्या मुलाला मात्र आपल्या भाषेत वाचता येत असतं. त्याच्यापासून लेखी रूप लपवलं तर ते स्वतःचं लेखी रूप तयार करतं. वही उघडून पाहा: ‘बोंझूर’, ‘मेर्सी’, ‘आ द्युमँ’ असं देवनागरीत लिहिलेलं सापडेल. ही त्याची हुशारीच आहे, पण घात इथेच होतो. फ्रेंचमधल्या ‘तू’ या अर्थाच्या सर्वनामातला स्वर मराठीत नाही. जीभ ‘ई’ची ठेवायची आणि ओठ ‘ऊ’चे करायचे, तेव्हा तो निघतो. देवनागरीत त्याचा ‘तू’ नाहीतर ‘त्यू’ होतो, आणि मूल जे लिहिलंय तेच वाचतं. नाकातले तीन-चार वेगवेगळे स्वर एकाच अनुस्वारात कोंबले जातात. (उलट बाजूनं, फ्रेंच आणि स्पॅनिशमधले प, त, क आपल्यासारखेच श्वासाचा झोत नसलेले आहेत. मराठी मुलाला ते आयते मिळतात, जर्मन आणि इंग्रजीत शब्दारंभी झोत द्यावा लागतो. हे शिक्षकाला माहीत असेल तर निम्मी उच्चारमेहनत वाचते.)

लेखी रूप उशिरा आणि न शिकवता समोर आलं की काय होतं, यावर लिन अर्लर आणि अर्नेस्टो माकारो यांचा २०११ चा अभ्यास आहे. इंग्लंडमधल्या हजाराहून जास्त विद्यार्थ्यांत, ज्यांना फ्रेंच अक्षरांवरून उच्चार काढता येत नव्हते, त्यांचाच कल भाषा सोडून देण्याकडे जास्त होता. मुलाला भाषा आवडेनाशी होते असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला ती वाचता येत नसते.

उपाय लहान आहे. आठवड्याला एक अक्षरजोडी, रोज पाच मिनिटं. फ्रेंचमध्ये ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं शेजारी आली की ‘वा’, ‘ओ’ आणि ‘यू’ आली की ‘ऊ’, ‘सी’ आणि ‘एच’ आली की ‘श’. सोमवारी तो आवाज असलेले चार ओळखीचे शब्द ऐकवा, आवाज आला की टिचकी. मंगळवारी तेच शब्द फळ्यावर, अक्षरजोडी रंगीत खडूनं. बुधवारी मोठ्यानं वाचन. गुरुवारी एक न पाहिलेला शब्द वाचायला द्या. खरी कसोटी हीच, कारण ओळखीचा शब्द मूल चित्रासारखा ओळखतं. शुक्रवारी तीन शब्दांचं श्रुतलेखन. सगळ्यांत जास्त चूक होते ती शब्दाच्या शेवटी: तिथलं व्यंजन बहुधा मूक असतं आणि मूल ते इमानदारीनं उच्चारतं. त्यासाठी मूक अक्षर फिकट लिहून दाखवावं. नियम सांगताना त्याच दमात अपवाद सांगू नयेत, अपवाद भेटेल तेव्हा सांगावा.

स्पॅनिशला याहून कमी वेळ लागतो, कारण तिथे लिहिल्यासारखंच वाचलं जातं. जपानीचं तर मराठी मुलाला नवल वाटावं. हिरागानाची ४६ मूळ अक्षरं आ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळींनी लागतात, कारण हा क्रम बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या भारतीय वर्णमालेवरूनच घडला. तक्ता सुटा-सुटा पाठ करून घेण्यापेक्षा ओळीनं, पाच-पाच अक्षरांनी घ्यावा.

“व्याकरण नको, मातृभाषा तर नकोच”

निव्वळ ऐकून व्याकरण बसतं का, हे कॅनडानं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं आहे. १९६५ मध्ये क्यूबेकमधल्या सेंट लँबर्ट इथे इंग्रजी भाषक मुलांसाठी फ्रेंच माध्यमाचे वर्ग सुरू झाले आणि ही पद्धत देशभर पसरली. मुलं वर्षाला शेकडो तास फ्रेंच ऐकत होती. त्यांचं आकलन फार चांगलं झालं, पण बोलताना-लिहिताना लिंगाच्या आणि क्रियापदाच्या चुका वर्षानुवर्षं राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावरूनच मांडलं की नुसतं ऐकणं पुरत नाही, मुलांना बोलायला-लिहायला भाग पाडावं लागतं आणि रूपाकडे लक्ष वेधावं लागतं. हजारो तासांत जे आपोआप बसलं नाही, ते ४८ तासांत बसण्याची अपेक्षा कशी धरायची?

प्राथमिक वर्गात व्याकरण म्हणजे तक्ते आणि व्याख्या नव्हेत. नामाला लिंग असतं ही गोष्ट इंग्रजी मुलाला मुळातून समजवावी लागते. मराठी मूल ती जन्मभर वापरतं: तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल. फ्रेंचमध्ये ‘ते’ नाही, फक्त ‘तो’ आणि ‘ती’ आहेत. टेबल तिथे ‘ती’ होतं आणि पुस्तक ‘तो’. एवढं मराठीत सांगायला पाच मिनिटं लागतात. तेच फक्त फ्रेंच वापरून, खाणाखुणांनी सांगायला तीन तास जातील, आणि तरी निम्म्या वर्गाला कळणार नाही. नाम शिकवताना ते नेहमी त्याच्या उपपदासकटच, म्हणजे नामाआधी येऊन ‘तो’ की ‘ती’ दाखवणाऱ्या छोट्या शब्दासकटच द्यायचं, सुटं कधीच नाही. चित्राच्या कार्डांची कड दोन रंगांत रंगवली की काम झालं.

ली आणि माकारो यांनी २०१३ मध्ये कोरियात शब्दार्थ कोरियनमध्ये सांगणं आणि फक्त इंग्रजीतून समजावणं यांची तुलना केली. मातृभाषेतला अर्थ उपयोगी ठरला, आणि प्रौढांपेक्षा लहान विद्यार्थ्यांना जास्त. दाव्याच्या अगदी उलट.

मात्र मातृभाषेचा एक वापर खरंच घातक आहे: प्रत्येक वाक्य आधी परक्या भाषेत आणि लगेच मराठीत बोलणं. मुलं पहिल्या वाक्याकडे कान देणं आठवड्याभरात सोडतात, कारण दुसरं येणारच असतं. म्हणून ‘उभे राहा’, ‘वही उघडा’, ‘पुन्हा सांगा’, ‘कोण नाही आलं?’ अशी वीस-पंचवीस वर्गवाक्यं ठरवून घ्या. त्यांचा अर्थ एकदाच मराठीत द्या आणि पुढे वर्षभर ती कधीही मराठीत बोलू नका. नवा अमूर्त शब्द, खेळाचे नियम आणि रूपांची तुलना एवढ्याला मराठी निःसंकोच वापरा.

“शिक्षकाला भाषा बेताची आली तरी चालतं”

सगळ्या दाव्यातला हा भाग सर्वांत जास्त नुकसान करतो. नेदरलँड्समध्ये शॅरन अन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी (२०१५) चार वर्षांच्या आसपासच्या मुलांचं इंग्रजी दोन वर्षं पाहिलं. आठवड्याचे तास महत्त्वाचे होतेच, पण शिक्षकाची पातळीही ठळक दिसली. युरोपच्या सहा पायऱ्यांच्या भाषाश्रेणीत मधल्या, म्हणजे ‘बी’ पातळीवर असलेल्या शिक्षकांची मुलं मागे राहिली. वरच्या ‘सी’ पातळीच्या शिक्षकांची मुलं मातृभाषक शिक्षकांकडच्या मुलांच्या तोडीची होती. म्हणजे ‘गोरी बाईच हवी’ हा दुसऱ्या टोकाचा आग्रहही चुकीचा. इंग्लंडमध्ये सुझान ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनाही (२०१७) फ्रेंचच्या बाबतीत वेळ आणि शिक्षकाचं भाषाज्ञान याच दोन गोष्टी मोलाच्या दिसल्या.

एक धडा पुढे राहून शिकवणारा शिक्षक पाठातलं वाक्य बरोबर म्हणतो. पण मूल ‘माझी मांजर काल पळाली’ असं काही सांगू पाहतं, तेव्हा त्याला ते वाक्य देता येत नाही. तो ‘नंतर बघू’ म्हणतो आणि खऱ्या बोलण्याची संधी निघून जाते. म्हणून मेहनती वर्गशिक्षकाला दोष देऊ नका, त्याला शिकायला वेळ द्या. तोवर त्यानं उच्चारासाठी स्वतःऐवजी ध्वनिफीत पुढे करावी, एकाच शब्दासाठी निदान तीन वेगवेगळे आवाज वापरावेत, आणि विचारलेलं वाक्य वहीत टिपून दुसऱ्या दिवशी तपासून द्यावं. वर्गशिक्षकाकडे एक गोष्ट आहे जी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाकडे नाही: तो मुलांना रोज भेटतो. हजेरी, तारीख, हवा, डबा, रांग, सगळं त्या भाषेत होऊ शकतं.

“लवकर सुरू केलं की पुढची वाट सोपी”

वाट पुढे जोडलेली असेल तरच. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६४ पासून आठव्या वर्षी फ्रेंच सुरू करण्याचा मोठा प्रयोग झाला. क्लेअर बर्स्टॉल यांच्या १९७४ च्या अहवालानुसार ११ व्या वर्षी सुरू केलेल्यांपेक्षा ही मुलं १६ व्या वर्षी फक्त ऐकून समजण्यात पुढे होती. माध्यमिक शाळेत नवी आणि जुनी मुलं एका वर्गात बसली, की शिक्षक पुन्हा रंग आणि आकड्यांपासून सुरू करतो. तीन वर्षं शिकलेलं मूल तिथे कंटाळतं.

यासाठी प्राथमिकच्या शिक्षकानं वर्षअखेरीस एक पानभर नोंद पुढच्या शिक्षकाला द्यावी. तिच्यात कुठले पाठ झाले हे नको, मुलांना काय करता येतं ते हवं: कोणती क्रियापदं कोणत्या रूपांत वापरतात, कोणत्या अक्षरजोड्या न पाहिलेल्या शब्दात वाचतात, कोणती वर्गवाक्यं भाषांतराशिवाय कळतात. सोबत तीन मुलांचं मिनिटभराचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून द्यावं: एक पुढचं, एक मधलं, एक मागचं. पुढच्या शिक्षकानं पहिल्या तासाला फळ्यावर रंग लिहिण्याआधी ती तीन मिनिटं ऐकावीत.